फालुदा, बर्फ आणि ‘एशियन’ नावाचा रकाना

मुंबई-पुण्यातील नव्या कॅफेंच्या मेन्यूकार्डावर गोड पदार्थांसाठी हल्ली कधीकधी एक स्वतंत्र रकाना दिसतो : ‘एशियन’. त्यात माचाचे, म्हणजे हिरव्या जपानी चहाच्या पुडीचे आइस्क्रीम असते; चिकट तांदळाच्या पिठीच्या आवरणात गुंडाळलेले मोची आइस्क्रीम असते; काळ्या तिळाचे, नारळाच्या दुधाचे काही असते. फालुदा मात्र या रकान्यात बहुधा नसतो. तो असलाच तर ‘आपल्या’ पदार्थांच्या पानावर. वरवर पाहता ही मांडणी निरुपद्रवी वाटते. परंतु तिच्यामागे एक गृहीत आहे : आशिया म्हणजे आपण सोडून उरलेला पूर्वेकडचा प्रदेश. फालुद्याचा इतिहास हे गृहीत तपासण्यासाठी फार उपयोगी पडतो.

फालुदा हा शब्द फार्सी ‘पालूदा’चा भाऊ. मूळ अर्थ गाळलेले, शुद्ध केलेले. अरबीत त्याचे ‘फालूधज’ झाले, आणि दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न सय्यार अल्-वर्राक याने संकलित केलेल्या पाकग्रंथात या नावाचे पदार्थ आढळतात. पण तो फालुदा पेल्यातला नव्हे आणि थंडही नव्हे. पिष्टसत्त्व, गोडी आणि स्निग्धांश एकत्र शिजवून घोटलेला तो एक प्रकारचा हलवाच होता. म्हणजे नावाने प्रवास सुरू केला तेव्हा त्यात बर्फ नव्हता. पुढे शिराझच्या फालुद्यात पिष्टसत्त्वाच्या बारीक शेवया गोठवलेल्या पाकात आल्या, गुलाबपाणी आणि लिंबाचा रस आला. इराणच्या वाळवंटी प्रदेशात हे शक्य झाले ते ‘यखचाल’मुळे. यख म्हणजे बर्फ, चाल म्हणजे खड्डा. हिवाळ्याच्या रात्री उथळ पाटांत गोठवलेले पाणी मातीच्या उंच घुमटाखालच्या खड्ड्यात उन्हाळ्यापर्यंत जपून ठेवण्याची ही युक्ती.

हिंदुस्थानात फालुदा हा शब्द फार्सी भाषेबरोबर आला. गारव्याचा प्रश्न मात्र इथे नव्याने सोडवावा लागला. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त सोऱ्याच्या साहाय्याने पाणी गार करण्याची रीत दिली आहे. 1586 नंतर दरबार लाहोरकडे गेल्यावर उत्तरेच्या डोंगरांतून नावा, गाड्या आणि हमाल यांच्या साह्याने बर्फ आणला जाई, याचाही तपशील तिथे आहे. अशा वाहतुकीवर मिळणारा गारवा अर्थातच ज्याच्या पदरी माणसे आणि पैसा, त्याच्याच वाट्याला अधिक येणार.

मुंबईच्या बर्फाची कथा याहून विलक्षण आहे. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याच्या व्यवहारातून ‘टस्कनी’ हे जहाज 1833 च्या मे महिन्यात सुमारे 180 टन बर्फ घेऊन निघाले आणि सप्टेंबरमध्ये कलकत्त्यास पोचले. तोवर सुमारे 100 टन शिल्लक होता. दुसऱ्याच वर्षी मुंबईतही अमेरिकन बर्फ उतरला. जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि यजमानासह पाहुण्यांना पडसे झाले, असा किस्सा मुंबईच्या इतिहासात सांगितला जातो. किस्सा खरा असो वा रचलेला, गारव्याविषयीचे कुतूहल आणि धास्ती दोन्ही त्यात आहेत. न्यू इंग्लंडच्या तळ्यांतून कापलेला हा बर्फ भुशात गुंडाळून अर्धे जग ओलांडून येई, आणि तो साहेब व शेठ यांच्याच टेबलावर जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत यंत्राने बर्फ तयार होऊ लागला तेव्हा हा व्यापार संपला. गारवा सामान्य माणसाच्या पेल्यापर्यंत उतरण्याची वाट त्यानंतर मोकळी झाली.

गुलाबाचे सरबत, भिजून फुगलेला सब्जा, शेवया, दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा हा मुंबईचा फालुदा त्या मोकळ्या वाटेवरचा आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळचे 1905 सालचे ‘बादशाह’ त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि पारशी घरांत नवरोजच्या दिवशी फालुदा होतो. इथून तो पुन्हा समुद्रापार गेला. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात जे मजूर गेले त्यांत मराठी भाषकही होते. तिथल्या पोर्ट लुईच्या बाजारात आज ‘आलूदा’ विकला जातो : नावातला ‘फ’ गळला आहे, शेवयांच्या जागी अगर-अगरची जेली आली आहे, सब्जा मात्र टिकला आहे.

आता ‘एशियन’ रकान्यातले मोची आइस्क्रीम पाहू. मोची जपानी खरी. जपानमध्ये 1981 पासून लोट्टे कंपनीचे ‘युकिमी दायफुकु’ मिळत होते. पण आज जगभर ‘मोची आइस्क्रीम’ म्हणून ओळखला जाणारा गोळा लॉस एंजेलिसमधील मिकावाया या जपानी-अमेरिकन मिठाई कंपनीने आणि तिच्या प्रमुख फ्रान्सिस हाशिमोटो यांनी 1990 च्या दशकात रूढ केला. आशियाची ओळख आपल्याला अमेरिकेच्या वाटेने होते, आणि ज्याच्या नावात व घडणीत बगदाद, शिराझ आणि मुंबई मुरलेली आहेत, तो फालुदा आपल्याला आशियाई वाटत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला हा पेच अपरिचित नसावा. माधव ज्यूलियन यांनी 1925 मध्ये फार्सी-मराठी कोश सिद्ध केला आणि 1933 मध्ये ‘गज्जलांजलि’ प्रसिद्ध केली. अरबी-फार्सीतून आलेली गझल पुढे सुरेश भटांच्या हाती इतकी मराठी झाली की तिला ‘परप्रेरित’ म्हणताना जीभ अडखळते. प्रेरणा ही उसनी घेण्याची गोष्ट असते. वारसा अंगी मुरल्यावर त्याचे मूळ विसरले जाते. पण असे विसरणे निर्दोष नसते. जे मुरले त्याला ‘शुद्ध देशी’ म्हणावयाचे आणि जे अजून मुरले नाही त्याला ‘परके’, ही वाटणी केली की इतिहासाचा मधला सगळा रस्ता पुसला जातो. फार्सी शब्द, इराणी शेवया, बोस्टनचा बर्फ : मुंबईच्या पेल्यातले आणि त्याच्या पूर्वेतिहासातले यांपैकी काय देशी, असा प्रश्न विचारण्यापेक्षा ते इथे कोणकोणत्या हातांतून पोचले, आणि आधी कोणाकोणाला मिळाले नाही, हे विचारणे अधिक सत्याला धरून होईल.