कपटजन्य ऋण व दिवाळखोरी
दिवाळखोरीतून मुक्तता मिळूनही ऋणकोच्या अंगावर राहणारे, लबाडीने किंवा विश्वासघाताने ओढवलेले देणे. मुंबई, कोलकाता व चेन्नईसाठीचा १९०९ चा आणि इतरत्र लागू असलेला १९२० चा कायदा, दोहोंनी ते मुक्ततेतून वगळले. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचे कलम १३९ देखील तोच मार्ग धरते (पहा : नादारी). चोरीचा मात्र १९२० च्या या वगळणुकीत उल्लेख नाही. म्हणून चोर सुटतो, हा आक्षेप टिकत नाही : करार वा विश्वासभंग यांव्यतिरिक्त उद्भवलेली, रक्कम न ठरलेली नुकसानभरपाई त्याच कायद्याच्या कलम ३४ नुसार दिवाळखोरीत सिद्धच करता येत नाही आणि मुक्तता सिद्ध करता येणाऱ्या ऋणांपुरतीच असते. गोदामाचे कुलूप फोडून माल नेणाऱ्याविरुद्धचा भरपाईचा दावा असा आडवाटेने जिवंत राहतो. नुसती थकबाकी म्हणजे लबाडी नव्हे. देणे कपटानेच उद्भवले, हे दाखवावे लागते (पहा : कपट).