मातीत सापडलेली शिशाची गोळी शिवकालीन की मासेमारीच्या जाळ्याची? कशी ओळखाल?

नांगरट करताना, विहिरीचा गाळ काढताना किंवा घराचा पाया खणताना कधी कधी गोटीएवढी, जड, पांढुरकी गोळी हाती लागते. फोटो ग्रुपवर पडतो आणि लगेच ‘शिवकालीन बंदुकीची गोळी’ असं शीर्षक चिकटतं. पण ती खरंच जुनी असते का?

या भागात गोळ्या सापडू शकतात का?

हो, शक्यता आहे. बोईसरजवळच्या कुंभवलीपासून तारापूरचा किल्ला काही किलोमीटरवरच आहे. सोळाव्या शतकापासून हा किनारा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी जानेवारी १७३९ मध्ये माहीम आणि तारापूर जिंकलं. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर हे सरदार कामी आले. पुढे मे १७३९ मध्ये वसईही पडली. या लढायांत तोफांबरोबर ठासणीच्या बंदुकाही चालल्या. मात्र याच परिसरात मासेमारी आणि कारखानेही आहेत, त्यामुळे फसगत होणं सोपं आहे.

जुनी गोळी दिसते कशी?

- रंग: ताजं शिसं चकाकतं. वर्षानुवर्षं मातीत राहिलेल्या शिशावर पांढरा, राखाडी किंवा फिकट तपकिरी थर चढतो. लोखंडासारखा तांबडा गंज येत नाही.
- साच्याच्या खुणा: वितळलेलं शिसं दोन भागांच्या साच्यात ओतून गोळी बनवत. त्यामुळे मधोमध बारीक रेघ राहते आणि शिसं ओतलं त्या जागी कापलेला छोटा चपटा भाग दिसतो.
- आकार: झाडलेली गोळी दगडावर किंवा भिंतीवर आपटून चपटी होते. पूर्ण गोल गोळी बहुधा न झाडता पडलेली असते.

वजनाचा हिशेब

सगळ्यात भरवशाची घरगुती चाचणी म्हणजे चुंबक आणि वजनकाटा. शिसं चुंबकाला चिकटत नाही आणि लोखंडापेक्षा बरंच जड असतं. १७ मिलिमीटर व्यासाची भरीव शिशाची गोळी सुमारे २९ ग्रॅम भरते. तेवढीच लोखंडी गोळी साधारण २० ग्रॅम भरते.

इंग्रजांच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीच्या नळीचा व्यास सुमारे १९ मिलिमीटर होता, पण गोळी साधारण १७.५ मिलिमीटरची आणि ३२ ग्रॅमच्या आसपास असे. गोळी मुद्दाम लहान ठेवत, कारण दारूच्या काजळीने नळी आतून भरत जाई आणि नेमकी बसणारी गोळी ठासताना अडकली असती.

कशाशी गल्लत होते?

- जाळ्याची वजनं: कोळी बांधवांच्या जाळ्यांनाही शिसं लावतात. त्यात दोरी जाण्यासाठी आरपार भोक किंवा खाच असते. बंदुकीच्या गोळीला भोक नसतं.
- बेअरिंगच्या गोळ्या: तारापूर एमआयडीसीच्या परिसरात या सहज सापडू शकतात. त्या अगदी गुळगुळीत, नेमक्या गोल असतात आणि बहुतेक चुंबकाला चिकटतात.
- निमुळत्या गोळ्या: टोकदार आणि बुडाशी पोकळ असलेली शिशाची गोळी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरची. तिचा १७३९ च्या लढाईशी संबंध नाही.

गोळी मराठ्यांची की पोर्तुगीजांची?

नुसत्या गोळीवरून हे सांगता येत नाही. दोन्ही बाजूंकडे वेगवेगळ्या मापांच्या बंदुका होत्या, युरोपातून आलेल्या आणि शत्रूकडून घेतलेल्याही. शिवाय गोल गोळ्या शिकारीसाठीही दीर्घकाळ वापरल्या गेल्या. म्हणून ‘कुठे सापडली’ हाच मोठा पुरावा. एका शेतात पाच-दहा गोळ्या कोणत्या रेषेत पडल्या आहेत, यावरून अभ्यासक गोळीबाराची दिशा सांगू शकतात. गोळ्या उचलून डब्यात एकत्र भरल्या की तो पुरावा संपतो.

सापडली तर काय करावं?

1. उचलण्याआधी जागेवरच फोटो काढा. शेजारी नाणं किंवा मोजपट्टी ठेवा, फोनवरून लोकेशन नोंदवा.
2. घासू नका, ॲसिड किंवा चिंचेने चकाकवू नका. वरचा थर हाच जुनेपणाचा पुरावा असतो.
3. शिसं विषारी आहे. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. मुलांना गोटी म्हणून खेळायला देऊ नका आणि वितळवू तर अजिबात नका. शरीरात शिशाचं कोणतंही प्रमाण सुरक्षित मानलं जात नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो.
4. तोफगोळा किंवा काडतुसासारखं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना ११२ वर कळवा.

कायदा काय सांगतो?

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. वसई किल्ल्यासारख्या संरक्षित स्मारकात परवान्याशिवाय खोदकाम करणं हा गुन्हा आहे. मेटल डिटेक्टर विकत मिळतो, म्हणून कुठेही खणायची मोकळीक मिळत नाही. दुसऱ्याच्या शेतात मालकाची परवानगी लागतेच.

गोळीला भंगारात शिशाचाच भाव मिळेल. पण जागेच्या नोंदीसह ती पुरातत्त्व विभागापर्यंत पोहोचली, तर तारापूरच्या लढाईबद्दल कागदपत्रांत नसलेली माहिती तिच्यातून मिळू शकते.