मानमोडीचे साल

ताडोबाच्या वेशीवरचे मोहर्ली दिवाळीच्या सुटीत वाघ पाहू येणाऱ्यांनी गजबजून जाते. पण १९१८ सालची दिवाळी या मुलखाला फार जड गेली. तेव्हा हा भाग मध्यप्रांतातील चांदा जिल्ह्यात मोडत असे.

त्या वर्षी जूनमध्ये मुंबईत दिसलेला इन्फ्ल्युएंझा आगगाडीच्या वाटेने देशभर पसरला. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरपासूनची दुसरी मात्र काळरूप ठरली. सर्वाधिक बळी गेलेल्या प्रांतांत मध्यप्रांत होता. त्यातच पाऊस फसलेला, धान्य महागलेले. लोकांनी साथीला नाव दिले ‘मानमोडी’. ऐन विशी-तिशीतली धडधाकट माणसे तिने नेली. देशात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक माणसे दगावली. १९२१ च्या खानेसुमारीत लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटलेलीच निघाली.

वैद्य-डॉक्टर तरी काय करणार? शत्रूच ठाऊक नव्हता! फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ साली दाखवलेल्या जंतूवर पुष्कळांचा संशय होता. खरा अपराधी जंतूंना अडवणाऱ्या गाळणीतूनही निसटणारा विषाणू होता. तो १९३३ साली लंडनमध्ये, फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या साहाय्याने हाती लागला. श्वासमार्गाच्या अस्तरातील पेशींत शिरून तो वाढतो. अस्तर खरवडले गेले की इतर जंतू फुप्फुसांत घुसतात. मानमोडीतले बहुतेक मृत्यू अशा न्यूमोनियाचे होते, आणि पेनिसिलिनचा शोध अजून दहा वर्षे दूर होता.

आज नाका-घशातील स्राव तपासून विषाणू ओळखता येतो. ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर अधिक गुण देते. विषाणू रूप पालटतो, म्हणून लसही दरवर्षी नवी करावी लागते.

ही गोष्ट माणसापुरती नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. हे वाघ चंद्रपूरकडूनच आणलेले. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले: पक्ष्यांतला एच५एन१ इन्फ्ल्युएंझा. मानमोडीच्या विषाणूचाच हा दूरचा भाऊबंद. पण या वेळी त्याचे नाव काही दिवसांतच कळले.

निदान लवकर झाले तरी रोग्याने वेळेवर दवाखाना गाठावा लागतो. रानातल्या गावाला तो लांब असतो. म्हणून तापात दम लागला, ओठ निळसर झाले, की काढ्यावर दिवस ढकलू नयेत. गाडी जुंपावी, नाहीतर मोटार बोलवावी. १९१८ साली धावण्याजोगे ठिकाणच नव्हते, आज आहे.