थायरॉईडच्या रिपोर्टमधला तो एक आकडा: न्यूकॅसल, न्यूयॉर्क, परळ

आजचा भाग एका आकड्याचा इतिहास आहे. तुमच्या घरात कोणी ना कोणी सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची छोटीशी गोळी घेत असेलच. काही महिन्यांनी रक्त द्यायचं, संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ येणार, आणि ती उघडून 'काय आलंय बघ रे' हे काम घरातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे. आमच्या नाशिकच्या घरात तो मी. मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण टीएसएच नावाचा हा आकडा आला कुठून, हे शोधत गेलो आणि रिपोर्ट जरा वेगळाच दिसायला लागला.

सुरुवात १८९१ साली, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला. जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरकडे ४६ वर्षांची एक बाई होती. चेहरा सुजलेला, बोलणं संथ, थंडी अजिबात सोसायची नाही. मरेने मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क काढून तिला टोचला. काही महिन्यांत बाई हिंडूफिरू लागली! पुढे तोच अर्क ती तोंडाने घेऊ लागली आणि १९१९ पर्यंत, म्हणजे आणखी २८ वर्षं जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. तिची स्वतःची ग्रंथी काही बरी झाली नव्हती. मेंढ्या तिची जागा भरून काढत होत्या, इतकंच.

आता प्रश्न असा, की मरेला डोस किती द्यायचा हे कसं कळायचं? बघून. नाडी, वजन, त्वचा, बोलण्याचा वेग. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडलने डुकरांच्या ग्रंथींमधून शुद्ध थायरॉक्सिन वेगळं केलं, १९२७ मध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं. औषध सुधारत गेलं, पण डोस ठरवणं बरंचसं अंदाजपंचेच राहिलं. रोजचे २०० ते ४०० मायक्रोग्राम दिले जायचे. आजच्या पेशंटला हा आकडा सांगून बघा. बहुतेकांच्या बाटलीवर २५, ५०, ७५, १०० असंच काहीतरी असतं.

मधे काय बदललं? मोजणं बदललं.

न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या एका सरकारी हॉस्पिटलात रोझालिन यॅलो ही भौतिकशास्त्रज्ञ आणि सॉलोमन बर्सन हा डॉक्टर एकत्र काम करायचे. रक्तात हॉर्मोन इतकं कमी असतं की नेहमीच्या रसायनशास्त्राच्या हाताला लागतच नाही. यांनी शक्कल लढवली. हॉर्मोनला चिकटणारी अँटिबॉडी घ्यायची, त्यात थोडं किरणोत्सारी हॉर्मोन टाकायचं आणि वरून पेशंटचं रक्त. दोघांत जागेसाठी धक्काबुक्की होते. पेशंटचं हॉर्मोन जितकं जास्त, तितकं किरणोत्सारी हॉर्मोन बाहेर फेकलं जातं. ते मोजलं की झालं. ही रेडिओइम्युनोअॅसे. आधी इन्सुलिनसाठी केली, मग इतर हॉर्मोन्ससाठी. दोघांनी तिचं पेटंटसुद्धा घेतलं नाही. १९७७ मध्ये यॅलोला नोबेल मिळालं. बर्सन १९७२ मध्येच गेला होता.

आणि इथे गोष्ट आपल्याकडे येते. मुंबईत परळला, टाटा हॉस्पिटलच्या अॅनेक्स इमारतीत, १९६३ मध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. हे भाभा अणुसंशोधन केंद्राचं. म्हणजे ट्रॉम्बेची अणुभट्टी आणि लोकांचा गळा यांच्यामधला हा दुवा! तिथे किरणोत्सारी आयोडीनने थायरॉईडचे उपचार होत आले, आणि रक्तातली हॉर्मोन्स मोजण्याचं कामही झालं. पुढे टी३, टी४, टीएसएच मोजायचे किट वाशीच्या 'ब्रिट' या अणुऊर्जा खात्याच्याच संस्थेतून देशभरच्या लॅबना जाऊ लागले. याच परळच्या केंद्रात कोइम्बतूरकडच्या गावातून आलेला ए. वेलुमणी नावाचा माणूस काम करायचा. नोकरी करता करता थायरॉईडवरच पीएचडी केली, मग नोकरी सोडली आणि १९९६ मध्ये मुंबईत 'थायरोकेअर' काढली. देशभरातून सॅम्पल विमानाने एका ठिकाणी आणायची, मशीन रात्रभर चालवायची, टेस्ट स्वस्त करायची. आज ही टेस्ट मोबाईलवरून बुक होते, त्यामागे हा सगळा प्रवास आहे.

आता आकड्याकडे. टीएसएच हे थायरॉईडचं हॉर्मोनच नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीचं. रक्तात थायरॉक्सिन कमी पडलं की ती ग्रंथीला हाका मारते, टीएसएच वाढतं. भरपूर असलं की गप्प बसते. आणि हाक सरळ रेषेत वाढत नाही: थायरॉक्सिन अर्धं झालं तर टीएसएच साधारण शंभरपट होऊ शकतं.

पहिल्या पिढीच्या टेस्टला मोठी हाक ऐकू यायची, पण कुजबुज आणि शांतता यातला फरक कळायचा नाही. डोस जास्त झालाय हे टीएसएच बघून सांगता येत नव्हतं. १९८० च्या दशकात दोन अँटिबॉडीवाल्या टेस्ट आल्या आणि तो फरक दिसायला लागला. मोजणी अशी सुधारत गेली तसे डोस १०० ते १५० च्या आसपास खाली आले. जास्त गोळीने हाडं ठिसूळ होतात, हृदयाचे ठोके अनियमित होतात. लोक वर्षानुवर्षं जास्त घेत होते आणि कोणाला पत्ता नव्हता.

माझी मावशी पंचवटीत राहते. रोज ७५ ची गोळी. रिपोर्टमध्ये टीएसएच २.३ आलं, शेजारणीने 'नॉर्मल आहे की' म्हटलं आणि मावशीने गोळी बंद केली. तीन महिन्यांनी पाय सुजलेले, दिवसभर झोप, आवाज घोगरा, आणि टीएसएच ४८. अहो, ते २.३ काही एकट्या ग्रंथीचं नव्हतं, ग्रंथी अधिक गोळीचं होतं! चष्मा लावून पाटी वाचता आली म्हणून कोणी चष्मा गोदावरीत टाकतं का? (काहींचा त्रास तात्पुरता असतो, बाळंतपणानंतर वगैरे. पण गोळी थांबवून बघायची की नाही, ते डॉक्टर ठरवतात.)

उलटंही होतं. थायरॉईडच्या कॅन्सरवर उपचार झालेल्या काही पेशंटचं टीएसएच मुद्दाम खाली ठेवतात. त्यांच्या रिपोर्टवरची खालच्या बाजूची लाल खूण म्हणजे डॉक्टरांना हवा होता तोच आकडा. छापलेली रेंज सगळ्यांना सारखी. गरोदर बाईची वेगळी धरतात.

दोन-तीन कामाच्या गोष्टी. थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे डोस बदलल्यावर नवा तोल जमायला सहाएक आठवडे. दहाव्या दिवशी टेस्ट केली तर अर्धवट अपडेट झालेलं सॉफ्टवेअर तपासल्यासारखं होतं. फ्री टी४ करायची असेल तर आधी रक्त द्या, मग गोळी घ्या. गोळीनंतर काही तास ते थोडं वर जातं. आणि केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगा, निदान दोन दिवस आधी बंद ठेवायला सांगतात. कारण बऱ्याच मशीनमध्ये बायोटिन हाच टेस्टचा डिंक असतो. रक्तात तो जास्त झाला की टीएसएच खोटंच कमी आणि टी४ खोटंच जास्त दिसतं, म्हणजे डोस जास्त झाल्यासारखं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये बायोटिनबद्दल इशारा दिला होता.

पुढच्या भागात कांग्रा खोरं आणि आयोडीनचं मीठ. भेटूच!