स्नेहसंमेलनाचा रंगमंच आणि आपला समाज

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंदिर, पाठशाळा व दानशूर पूर्वजांचे स्मरण होणे स्वाभाविकच आहे. परंतु समाजाचा इतिहास केवळ देवालयात घडत नाही. आपली मुले आणि पुढे मुलीही जेव्हा महाविद्यालयाच्या प्रांगणात गेल्या, तेव्हा तेथील वार्षिक स्नेहसंमेलनाने, म्हणजेच जुन्या बोलीतल्या ‘गॅदरिंग’ने, आपल्या चालीरीतींपुढे काही प्रश्न उभे केले. त्या प्रश्नांचा हा अल्पसा मागोवा.

दक्षिण महाराष्ट्रात उच्च शिक्षणाचे माहेरघर म्हणजे कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय. सन 1880 मध्ये तेथे महाविद्यालयीन वर्ग सुरू झाले. सन 1899 मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली आणि पाठोपाठ राजर्षी शाहू महाराजांच्या उदार आश्रयाने कोल्हापुरात जैन बोर्डिंग उभे राहिले. खेड्यापाड्यांतील शेतकरी कुटुंबांतील मुलांना शहरात राहण्याची सोय झाली. पुढे सन 1919 मध्ये सांगलीला विलिंग्डन महाविद्यालय निघाले आणि कृष्णा-वारणेच्या काठची आपली मुले तेथेही जाऊ लागली. सन 1930 ते 1962 या काळात डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापन केले. आगमांची भाषा महाविद्यालयाच्या वर्गात सन्मानाने शिकविली जाऊ लागली, ही आपल्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट होय. पण वर्गाबाहेरचे शिक्षण स्नेहसंमेलनात मिळे.

हे संमेलन सामान्यतः हिवाळ्यात, परीक्षेचा बडगा दिसू लागण्यापूर्वी भरे. दिवसा क्रीडास्पर्धा व वादविवाद, मग अहवालवाचन, प्रमुख पाहुण्यांचे भाषण, पारितोषिक वितरण, शेलापागोट्यांची धमाल आणि रात्री नाट्यप्रयोग असा त्याचा थाट असे. येथेच आपल्या विद्यार्थ्यांची पहिली कसोटी लागे. हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो, आणि रात्रिभोजनत्यागाचे व्रत तर पाळावयाचे असते. म्हणून बोर्डिंगमधील व्रतस्थ मुलाला सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपूनच नाटकाला जावे लागे. मध्यंतरात मित्रांचा चिवडा-चहा चालू असता हा नुसता बसून राही. या संयमाची कोणी थट्टा करी, कोणी कौतुक करी. चारचौघांत मिसळूनही आपले व्रत सांभाळता येते, हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हता.

दुसरी कसोटी अधिक अवघड होती, ती रंगमंचावरील स्त्रीची. त्या काळी मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषच करीत. बालगंधर्वांच्या रूपाने अवघा महाराष्ट्र मोहून गेला होता. महाविद्यालयांतही एखादा नाजूक बांध्याचा, गोड गळ्याचा विद्यार्थी लुगडे नेसून नायिका होई. सन 1916 मध्ये महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. सन 1933 मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात कुलीन स्त्रियांनी भूमिका केल्या आणि जुना संकेत ढळू लागला. रोहिणी भाटे यांनी सन 1947 मध्ये पुण्यात नृत्यभारती संस्था काढली, आणि मध्यमवर्गीय घरांतील मुलींना शास्त्रीय नृत्याचे दार उघडले. त्यानंतर संमेलनांतून गरबा, टिपरी, कोळीनृत्य आणि कथकही दिसू लागले.

आपल्या समाजात मुलींच्या शिक्षणाची चळवळ त्यापूर्वीच सुरू झाली होती. दानवीर माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या कन्या मगनबेन यांनी श्राविकाश्रमाच्या कार्यास वाहून घेतले होते. तरीही मुलीने शिकावे हे मान्य करणारी घरे तिने चारचौघांसमोर नाचावे म्हटले की चटकन मागे सरत. ‘नाच’ या शब्दाला तेव्हा बैठकीचा आणि फडाचा वास चिकटलेला होता. लेकीच्या लग्नात अडचण येईल, ही चिंता तर मोठीच. वडीलधाऱ्यांच्या या भीतीला आज हसणे सोपे आहे, पण ती लेकीच्या काळजीतूनच आलेली होती. मात्र तिची किंमतही मुलींनीच मोजली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. ज्यांच्या पायांत ताल होता, अशा कित्येकींना प्रेक्षकांतच बसून राहावे लागले.

वास्तविक आपली परंपरा नृत्याला परकी नाही. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांच्या सभेत नीलांजनेचे नृत्य चालू असता तिचे आयुष्य संपते. रसभंग होऊ नये म्हणून इंद्र तिच्यासारखीच दुसरी नर्तकी तत्क्षणी उभी करतो. इतरांच्या ते ध्यानीही येत नाही, पण ऋषभदेव जाणतात आणि त्यांच्या ठायी वैराग्य उपजते. मथुरेच्या कंकाली टीला येथे सापडलेल्या प्राचीन शिल्पपटात हाच प्रसंग असल्याचे अभ्यासक मानतात. श्वेतांबर आगमांपैकी रायपसेणिय सूत्रात सूर्याभदेव भगवान महावीरांपुढे बत्तीस प्रकारचे नाट्य सादर करतो. ज्या नृत्यातून वैराग्य उपजते, जे नृत्य भक्ती म्हणून अर्पिले जाते, ते मुळात निषिद्ध कसे असेल? दोष नृत्याचा नसून दृष्टीचा असतो, हे आपल्या आचार्यांनी केव्हाच ओळखले होते. आज पंचकल्याणक पूजेत आपल्याच मुली नीलांजना होतात, तेव्हा हा विसर पडलेला धागा पुन्हा हाती आल्यासारखा वाटतो.

तथापि एक सावधगिरीचा शब्द. नीलांजनेची कथा जितकी नृत्याची, तितकीच क्षणभंगुरतेची आहे. शाहू महाराजांनी सन 1915 मध्ये उभारलेले कोल्हापूरचे पॅलेस थिएटर, म्हणजेच संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, सन 2024 च्या ऑगस्टमध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दगडाविटांची ही गत, तर माणसांच्या आठवणींची काय कथा! त्या संमेलनांत भाग घेतलेली, किंवा भाग घेऊ न दिली गेलेली पिढी आता थोडीच उरली आहे. त्यांच्या पेट्यांतील कार्यक्रमपत्रिका, समूहछायाचित्रे आणि मनातील आठवणी ट्रस्टच्या ग्रंथालयात जतन व्हाव्यात, अशी नम्र विनंती आहे. विशेषतः घरातील आजींना एकदा अवश्य विचारावे, ‘तुम्हाला तेव्हा रंगमंचावर जावेसे वाटले होते का?’ उत्तर काहीही येवो, ते लिहून ठेवावे. तोही आपल्या समाजाचा इतिहासच आहे.

जय जिनेंद्र!