मल्हाररावांच्या पदच्युतीचा मूळ कागद

घडियाळी पोळमध्ये मल्हारराव गायकवाडांचा विषय निघाला की, ‘रेसिडेंटवर विषप्रयोग केला म्हणून गादी गेली’ हे वाक्य ठरल्यासारखे ऐकू येते. सरकारी नोकरीत असताना टिपणीवर सही करण्यापूर्वी मूळ पत्र मागविण्याची मला सवय लागली होती. येथेही तेच करावे.

९ नोव्हेंबर १८७४ रोजी कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचे प्रकरण उद्भवले. पुढील वर्षी सर रिचर्ड कौच यांच्या अध्यक्षतेखाली सहा जणांचे चौकशी मंडळ बसले. तिघा इंग्रजांनी आरोप शाबीत धरला. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग व सर दिनकरराव यांनी तो तसा धरला नाही. एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्यात सरकारने पदच्युतीचा आधार या चौकशीवर ठेवलाच नाही. महाराजांचे दुर्वर्तन, राज्यातील घोर अव्यवस्था आणि सुधारणा करण्याची असमर्थता, ही कारणे त्यात दिली आहेत.

म्हणजे दुय्यम लेखनातील ते सोयीचे वाक्य अव्वल साधनापुढे टिकत नाही. पण जाहीरनामा तरी कशाचा पुरावा? सरकारने काय जाहीर केले, एवढ्याचाच. विष कोणी घालविले, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी साक्षीच वाचाव्या लागतात. त्याही अव्वल साधनेच. मात्र महाराजांचे चिटणीस दामोदरपंत यांची मुख्य साक्ष माफीच्या वचनावर झाली होती. बॅरिस्टर बॅलंटाइन यांनी महाराजांच्या बचावात नेमके तिच्यावरच बोट ठेवले.