दोन महायुद्धांमधील महार समाज : नाशिक जिल्ह्यातील स्थित्यंतर

दोन महायुद्धांमधील भारताचा इतिहास बहुधा असहकार आणि कायदेभंग यांच्या अनुषंगाने मांडला जातो. महार समाजाचा अनुभव मात्र काहीसा निराळ्या वाटेने बदलत गेला.

१८९० च्या दशकात लष्करभरती बंद झाल्यावर गोपाळबाबा वलंगकर आणि पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला देत सरकारकडे अर्ज केले. त्यांना फळ आले नाही. महायुद्धात मनुष्यबळाची निकड भासताच मात्र १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपताच १९२१ मध्ये मोडली गेली. निष्ठेचे मोल गरजेपुरतेच असते, हे यातून स्पष्ट झाले.

पुढील पिढीने अर्जाचा मार्ग सोडला. दिंडोरी तालुक्यातील आंबे येथे १९०२ मध्ये जन्मलेले भाऊराव तथा दादासाहेब गायकवाड हे या पिढीचे प्रतिनिधी होत. सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करणारा बोले ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळात संमत झाला होता. परंतु ठराव आणि प्रत्यक्ष पाणवठा यांतील अंतर किती असते, हे महाडने १९२७ मध्ये दाखविले. २ मार्च १९३० रोजी, म्हणजे दांडीयात्रेच्या दहा दिवस आधी, नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. सुमारे मैलभर लांबीची मिरवणूक शिस्तीने मंदिराकडे गेली, तेव्हा दरवाजे बंद होते. रामनवमीला रथ उभयतांनी ओढावा असा समेट झाला होता. तो पाळला गेला नाही आणि दगडफेक झाली. लढ्याची दैनंदिन धुरा गायकवाडांनीच वाहिली. स्वराज्याची मागणी करणाऱ्या शहरात देवळाचे दार उघडले नाही, ही विसंगती त्या काळीही लपून राहिलेली नव्हती.

मार्च १९३४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी गायकवाडांना पत्राने सत्याग्रह थांबविण्याचा सल्ला दिला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. आता दार उघडण्याची विनंती उरली नव्हती. १९३७ मध्ये गायकवाड मुंबई विधानसभेवर निवडून गेले.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. त्याच वर्षी डॉ. आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीचे सदस्य होते. युद्ध संपल्यावर ही रेजिमेंट मोडण्यात आली नाही.